नवमीचा पाना

उजैर शेखला एका शब्दाची चीड बसली होती, आणि तो शब्द म्हणजे नशीब.

भेटायला येणारा माणूस चपला काढता काढताच म्हणायचा, "नशीब बरं म्हणून वाचलास." मग चहा व्हायचा. चहा पिता पिता पाहुणा उजैरच्या खांद्याकडे टक लावून बघायचा आणि निघताना पुन्हा म्हणायचा, "नशीब, दुसरं काय!" शिरपुरात उजैरची ओळख बाजारपेठेपासून बसस्टँडपर्यंत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी नशिबाची री ओढणारे काही संपेनात.

त्याची आई मदिना तर त्यांच्याही वरताण. तिने दर्ग्यातून आणलेला तावीज उजैरच्या डाव्या दंडावर बांधलेला होता. "तावीजने बचाया मेरे बच्चे को," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. आता कामावर वरून लोखंडी पाना पडला तो नेमका डाव्याच खांद्यावर. जे मोडलं ते ताविजाच्या वीतभर वर मोडलं. उजैर एकदा चिडून बोलून गेला, "अम्मी, मग तावीजने थोडा ऊपर सरकना था." त्यावर मदिना दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तेव्हापासून तो गप्प बसायचा आणि आतल्या आत धुमसत राहायचा.

अहो, वस्तू काय नशिबाने पडते? वस्तू बांधलेली नसते म्हणून पडते. इतकी साधी गोष्ट, पण ती म्हणायला कोणी तयार नव्हतं.

उजैर गुजरातेत तेलाच्या विहिरींवर कामाला होता. अंकलेश्वरच्या अलीकडे जुन्या विहिरी आहेत. त्यांच्यातले पाईप उपसायचे, खराब ते बदलायचे, पुन्हा विहिरीत सोडायचे, हे काम एका ठेकेदाराकडे. टोळी पंधरवडाभर तिकडे राहायची, पंधरवडाभर घरी. रिग म्हणजे उंच लोखंडी मनोरा. मनोऱ्याच्या वरच्या अंगाला एक फळी असते, तिच्यावर उभा राहून एक माणूस पाईप ओढून घेतो. बाकीचे खाली, विहिरीच्या तोंडाशी. वरच्या माणसाजवळ मोठा पाईप पाना असतो, उचलताना गड्याचाही हात भरून यावा असा. तो वरून सुटला तर खालच्यांचं काही खरं नाही, म्हणून दांड्याच्या टोकाला भोक ठेवलेलं असतं. भोकात वायरचा हूक अडकवायचा, वायरचं दुसरं टोक मनोऱ्याला. पाना हातातून निसटला तरी वायरला लोंबकळत राहतो. झालं. यात शिकण्यासारखं काही नाही. विहिरीत बादली सोडताना तिला दोर बांधतात, तसंच हे.

आणि तरीही तो पाना उजैरच्या खांद्यावर आला.

टोळीचा मुकादम अभिमन नाना. तापीकाठच्या गावचा, मिशीचा, तोंडाने फटकळ आणि मनाचा मोठा. तालुक्यातल्या कितीतरी पोरांना त्याने गुजरातेत कामाला लावलेलं, त्यात उजैरही आला. दर खंडेनवमीला नाना मनोऱ्यावरची सगळी हत्यारं खाली उतरवायला लावायचा. डिझेलने धुवायची, फडक्याने पुसायची, हळदकुंकू, झेंडू, अगरबत्ती आणि नारळ. नारळ फोडायचा मान उजैरचा, कारण एका फटक्यात नारळाची दोन सरळ भकलं करणारा हात टोळीत त्याचाच होता. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नाही. ज्या हत्यारावर घर चालतं त्याच्यासमोर मान लववली तर काय बिघडलं?

यंदा मात्र नानाच्या भक्तीला भरती आली होती. त्याने जाडजूड लाल-पिवळा नाडा आणला आणि एकेका हत्याराला बांधत सुटला. पाईप पान्याला बांधायला जागा कुठली? दांड्याच्या भोकातून ओवला, वेढ्यावर वेढे दिले आणि गाठ मारली. "पूजाना नाडा कोनी तोडाना नही," त्याने टोळीला बजावलं. "आपसूक तुटी तवय तुटू द्या."

दसरा झाला आणि हत्यारं कामाला लागली. पाना वर गेला तेव्हा फळीवर भूपेंद्र होता, नानाच्या बहिणीचा मुलगा. भोक नाड्याने गच्च भरलेलं, हूक आत जाईना. नाडा तोडावा तर मामाचा शब्द मोडतो, न तोडावा तर हूक लागत नाही. अशा वेळी आपल्याकडे जो तिसरा मार्ग निघतो तोच त्याने काढला असणार: बघू नंतर. पाना कठड्याला टेकवून ठेवला. खालून बघणाऱ्याला दांड्याशी दोरीसारखं काहीतरी दिसायचं, म्हणजे बांधलेलाच आहे असं वाटायचं.

उजैरने हे नुसतं अंदाजाने जुळवलं नव्हतं. खांदा मोडून तो आडवा पडला तेव्हा पाना त्याच्या नाकासमोरच होता. भोकात नाडा, नाड्यावर हळद, शेजारी चुरगळलेला झेंडू. ना हूक, ना वायरीचा तुकडा. पण कागदोपत्री लिहिलं गेलं की वायर तुटली आणि जखमी कामगार नको तिथे उभा होता. नको तिथे! विहिरीच्या तोंडाशी उभं राहायचं हेच त्याचं काम होतं. तिथे नाही तर काय घराच्या ओट्यावर उभा राहणार होता?

भूपेंद्र म्हणाला, "मी हूक लावेल व्हता." टोळी म्हणाली, तू बेशुद्ध होतास, तुला काय दिसणार. आणि सगळे मिळून म्हणाले, नशीब.

धुळ्याला ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. हात छातीच्या वर जाईना. शर्ट घालायला बायको लागायची, केस विंचरायला उजवा हात पुरायचा पण मान तिरकी करावी लागायची. त्याला घरातलीही एकेक वस्तू खुपू लागली. कपाटावरचं मोठं पातेलं, खिडकीवर ठेवलेला इस्त्रीचा डबा, भिंतीवरचं घड्याळ. "ये किसने रखा? उतारो." बायको नाजमीन गुपचूप उतरवायची. शेवटी पातेली जमिनीवर आली आणि माणसं त्यांना ठेचकाळू लागली.

हे सगळं त्याने एक वेळ गिळलं असतं. पण संक्रांतीनंतर त्याचा धाकटा भाऊ आकिब म्हणाला, "भाईजान, तुमच्या जागेवर मी जातो. नाना हो म्हणाले."

आकिब कूलर बनवण्याच्या दुकानात होता. थंडीत कूलरला कोण विचारतो? दुकान बंद, पोरगं मोकळं. त्याचं काही चुकत नव्हतं. पण उजैरच्या डोळ्यांसमोर तोच मनोरा आला, तीच फळी, तोच पाना, आणि खाली उजैरच्या जागी आकिबचं डोकं.

"नाही जायचं."

"का पण?"

"पाना बांधलेला नाही."

आकिबने सुस्कारा टाकला. "भाईजान, तीन महिने झाले. तुम्ही तेच धरून बसलात. एवढं झाल्यावर बांधणार नाहीत का ते?"

हाच तर मुद्दा होता, आणि तो आकिबच्या डोक्यात शिरत नव्हता. बांधायचा तर नाडा काढावा लागणार. नाडा काढला की काल का काढला नव्हता, हा प्रश्न आला. म्हणजे ज्याने खोटं सांगितलं त्याला तो नाडा जपणं भाग होतं. नाडा आपसूक तुटेपर्यंत पाना तसाच राहणार, आणि तो सुताचा जाड नाडा काही पावसाळ्याआधी तुटायचा नव्हता.

उजैरने ठेकेदाराच्या सेफ्टीवाल्या साहेबाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. कोणीतरी उचलून साहेब जेवायला गेलेत म्हणाला. साहेबाचं जेवण मोठं असावं, संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी साहेब भेटले.

"वो केस तो क्लोज हो गया भाई."

"साहेब, केस नको. फक्त पाना तपासा. भोकात पूजेचा नाडा आहे, म्हणून हूक बसत नाही."

मग साहेबांनी आवाज खाली आणला. "नाव काय म्हणालात तुमचं? उजैर शेख? असं करा, लिखके भेजो. पण पूजेच्या वस्तूबद्दल लिहिताय... सोच लेना."

उजैरने फोन गादीवर आपटला. रागाने त्याचे कान गरम झाले होते. हेच वाक्य टोळीतल्या दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ती सावधगिरी ठरली असती. उजैर शेखने म्हटलं की तो पूजेवर घाव. वीस वर्षं नारळ फोडले, प्रसाद खाल्ला, आरतीचं तबक धरलं, आणि आता एका नाड्याचं नाव घेतलं तर 'सोच लेना'.

तरी तो नानाच्या गावी गेला. एका हाताने मोटरसायकल चालवता येत नाही, म्हणून रिक्षाने. नाना अंगणात खाटेवर बसला होता, भूपेंद्र ओट्यावर मोबाईल बघत होता. नानाची बायको मंजुळाबाई पाणी घेऊन आली. "हात कसा शे भाऊ? वर जास का?" तिने विचारलं. उजैरने हात छातीपर्यंत नेऊन दाखवला. ती चुकचुकली, पण नशीब म्हणाली नाही. तेवढ्याने उजैरला बरं वाटलं.

त्याने शक्य तितक्या हळू बोलायला सुरुवात केली. "नाना, आकिब तुमनासंगे येनार शे. त्यानं आधी एक काम करा. त्या पानाना नाडा सोडा आन् हूक लावा."

नानाचा चेहरा उतरला, मग चढला. "उजैर, तुले आमनी पूजाच दिसनी का? मी तुले भाऊ मानं. दवाखानामा मी बठ्ठी रात बसनू. आन् तू म्हनस मन्ही पूजामुये तुन्हा खांदा मोडना?"

"पूजामुये नही नाना. हूक नही व्हता म्हनीसन."

"हूक व्हता. भूपेंद्रनी लावेल व्हता. काय रे?"

भूपेंद्रने मोबाईलवरची नजर न उचलता मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

नाना खोटं बोलत नव्हता, हे उजैरला त्या क्षणी कळलं. नानाला खरंच तसं वाटत होतं. बहिणीचा मुलगा मामाशी खोटं बोलेल हे त्याच्या मनातही येत नव्हतं. आणि भूपेंद्रला आता खरं बोलायला तोंड उरलं नव्हतं. मधल्या मध्ये उजैर, कोणाच्या बापाचं काही खाल्लं नसताना. तो चहा न पिता उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो या घरातून चहा न पिता उठला, आणि ते मंजुळाबाईने पाहिलं.

टोळी निघायचा दिवस आला. शिरपूरच्या फाट्यावर जीप उभी, वर गाठोडी बांधलेली. उजैरने घरी आकिबची बॅग लपवण्यापर्यंत मजल मारून पाहिली होती, पण आकिबने दुसरी बॅग भरली. पोराच्या हट्टापुढे काय करणार? मदिनाने त्याच्याही दंडावर तावीज बांधला. उजैर फाट्यावर आला तेव्हा मंजुळाबाईही नवऱ्याला डबा द्यायला आलेली होती.

निघण्याआधी जीपसमोर नारळ फोडायची टोळीची रीत. नानाने पिशवीतून नारळ काढला, क्षणभर थांबला आणि चालत उजैरजवळ आला. परवाचा राग त्याच्या मनात राहिला नव्हता, नानाचं तसंच असे. "ले, फोड," तो म्हणाला. "उजवा हात ते साबूत शे ना. मान तुन्हाच."

उजैरने नारळ हातात घेतला. सगळी टोळी बघत होती. आकिब जीपच्या दाराशी एक पाय वर ठेवून उभा होता. नाड्याचं नाव काढलं की काय होतं ते उजैरला आता पाठ झालं होतं. म्हणून त्याने नाड्याचं नाव काढलंच नाही.

"फोडस नाना," तो म्हणाला. "पन एक शब्द द्या. आज तठे पोचनात की पाना वर जाई. तवय पानाखाले पयले तुम्ही उभा ऱ्हावा. आकिबनी जागावर. कामनी पयली घटकाभर तुम्ही, मंग तो."

"बस? एवढंच?" नाना हसला. "ऱ्हासू. त्यामा काय! दिनभर उभा ऱ्हासू. मन्हा भाचाना हातवर मन्हा भरोसा शे."

त्याने छातीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. आणि मग जीपच्या मागून आवाज आला, चिरका, पोरासारखा.

"मामा, नका ऱ्हाऊ!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. भूपेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नका उभा ऱ्हाऊ तुम्ही. तो पाना... आजबी बांधेल नही शे. हूक जात नही. नाडा शे भोकमा. तुम्ही सांगं व्हतं तोडाना नही..."

रस्त्यावरून एक केळीचा ट्रक भोंगा वाजवत गेला. नानाचा छातीवर ठेवलेला हात तसाच राहिला.

उजैरला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला हायसं वाटेल. तीन महिने त्याला एवढंच ऐकायचं होतं. पण हायसं कुठलं, त्याच्या डोक्यात संतापाचा भडका उडाला. "मामानं डोकं दिसनं तवय तोंड उघडं तुन्हं?" तो ओरडला. "मी काय दगड व्हतू? मी खाले उभा व्हतू तवय हायी तोंड कोठे व्हतं तुन्हं? आन् आज मन्हा भाऊ उभा ऱ्हाता तर तू वरथून देखत बसता?" त्याचा आवाज फाटला आणि डोळे भरून आले, आणि ते लपवायला डावा हात वर जाईना म्हणून तो आणखीच चिडला.

आकिबने जीपवरचा पाय खाली घेतला.

नाना पुटपुटला, "मी ते... पूजानी वस्तू, बांधेल-तोडेल नको म्हनीसन..."

तेव्हा मंजुळाबाई पुढे आली. डबा तिने नवऱ्याच्या हातात जवळजवळ आदळला. "पोयाले बैलनी पूजा करतस ना? शिंगे रंगाडतस, झूल घालतस, पुरनपोयी खावाडतस. मंग रातले त्याले गावभर मोकया सोडी देतस का? खुटाले बांधतसच ना! पूजेल बैल बांधेल चालस आन् पूजेल पाना बांधेल चालत नही? कोन्या देवनी सांगं हाई तुमले?"

मंजुळाबाईसमोर नानाचं काहीच टिकायचं नाही. तो उजैरकडे वळला. "उजैर, मी तुले खोटा म्हनं," तो म्हणाला. "बठ्ठास्ना समोर म्हनं. आते बठ्ठास्ना समोर सांगस, तू खरा व्हता. मन्ही गाठ व्हती ती. मीच तोडसू."

"माले खरंखोटं नको नाना," उजैर थकून म्हणाला. "माले हूक पाहिजे."

"लागी. त्यानं आधी कोनी खाले पाय ठेवावं नही. आन् हाऊ," त्याने भूपेंद्रकडे बोट केलं, "हाऊ आते वर जावाव नही."

नारळ अजून उजैरच्या हातातच होता. तो फोडावासा त्याला वाटेना. त्याने तो आकिबच्या हातात दिला. "पाना बांधला की तिथे फोड. तू स्वतः वायर ओढून बघ, दोन हातांनी. मग फोड आणि मला आवाज ऐकव."

"आवाज?"

"हो. फोन चालू ठेवून."

जीप गेली. शहाद्याच्या रस्त्याला लागेपर्यंत उजैर तिच्याकडे बघत उभा राहिला. मंजुळाबाई म्हणाली, "चल भाऊ, चहा पी. त्या दिनना बाकी शे." उजैरने दोन घोटांत चहा संपवला आणि घर गाठलं.

दिवसभर तो घरात येरझारा घालत राहिला, जमिनीवरच्या पातेल्यांना ठेचकाळत. मदिनाने दोनदा विचारलं, "क्या हुआ?" तो म्हणाला, "कुछ नहीं." माणसं बोलतात आणि गावाची वेस ओलांडली की विसरतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. फाट्यावरचा नाना वेगळा आणि रिगवरचा नाना वेगळा, असंही होऊ शकतं.

ऊन उतरणीला लागलं तेव्हा फोन वाजला. आकिबच होता. मागे इंजिनाचा धडधडाट.

"भाईजान, नाना स्वतः वर चढले. या वयात! नाडा कापला, डोक्याला लावला आणि खिशात ठेवला. हूक बसला. मी वर जाऊन दोन्ही हातांनी ओढून बघितला. लोंबकळून बघितला म्हणा ना."

"आणि?"

"घट्ट आहे."

उजैर खाली बसला. "फोड मग."

फोनमधून फटका ऐकू आला. नारळ फुटला नाही. दुसरा फटका, मग कोणीतरी हसलं, नाना कोणालातरी ओरडला, "आरे, असा नही रे, आडवा धर!" तिसरा फटका, चौथा. पाचव्याला कशीबशी करवंटी तडकल्याचा आवाज आला आणि पाणी सांडलं म्हणून आरडाओरडा झाला.

"फुटला, भाईजान!"

"एवढी माणसं आहात तिथे," उजैर फोनवर ओरडला, "आणि एकाला धड नारळ फोडता येत नाही!"

मग त्याने फोन खाली ठेवला आणि उजव्या हाताने डोळे पुसले. नाजमीन दारात उभी होती. त्याने तिला कपाटावर पातेलं पुन्हा चढवायला सांगितलं, आणि ती स्टूल घेऊन आली तेव्हा म्हणाला, "थांब. आधी दोरी आण."